गाळावरची हाक

भाडेकरूने घरमालकाला भिंतींविषयी फार प्रश्न विचारू नयेत, असे मला घरच्यांनी बजावून पाठवले होते. तरीही त्या खोलीत पेटी ठेवल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो भिंतींविषयीच. चारही भिंतींवर, छातीच्या उंचीपासून थेट आढ्यापर्यंत, खुरांचे ठसे चिकटवलेले होते. बैलांचे, म्हशींचे, शेळ्यामेंढ्यांचे, एका गाढवाचे. प्रत्येक ठसा काजळीने कागदावर उमटवलेला आणि त्याखाली जनावराचे अंदाजे वजन सुवाच्य अक्षरात लिहिलेले. दाराजवळच्या पट्ट्यात माणसांचे तळवे होते. एका तळव्याखालची जागा मात्र कोरी होती.

"मालक, हे काय आहे?"

"भार," मालक म्हणाले. "कोन किती जागंत किती भार टाकतो, त्येचा हिशेब. तुमचं पाऊल ऱ्हायलंय, सर. उद्या अंगूळ झाली की वल्ल्या पायानं फरशीवर उभं ऱ्हा जरा."

मी उभा राहिलो. मालकांनी गुडघे टेकून माझ्या पावलाभोवती खडू फिरवला. आतून मालकीणबाई ओरडल्या, "सर, लई येळ थांबू नका हो! त्येंच्या हाती खडू आला की समोरचा मानूस ऱ्हात न्हाई, पोतं व्हतंय त्येचं!"

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावात, मी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवण्यासाठी रुजू झालो होतो. मालकांचा व्यवसाय मंडप आणि लाउडस्पीकरचा. पंचक्रोशीतले लग्न, जत्रा, निवडणूक त्यांच्या कर्ण्यांवाचून पार पडत नसे. आवाज भारदस्त होता, पण तो फक्त माईकसमोर. एरवी ते इतके हळू बोलत, की ऐकणाऱ्याला पुढे वाकावे लागे. "बोलनारा लांब असला तरी चालंल," ते म्हणत, "आवाज जवळ पायजे." लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या माणसाने असे म्हणणे स्वाभाविक आहे, असे मला सुरुवातीला वाटले होते.

दुसरी सवय अधिक विचित्र होती. मालक कोणत्याही जमिनीवर सरळ पाऊल टाकत नसत. आधी टाच ठेवत, किंचित दाबत, क्षणभर थांबत आणि मग उरलेले पाऊल टेकवत. शेताच्या बांधावर एक वेळ हे समजण्यासारखे आहे. ते शहाबादी फरशीवरही असेच चालत, देवळाच्या दगडी पायरीवरही आणि पेठेच्या गॅरेजमधल्या काँक्रीटवरही. गावातले लोक त्यांच्या मागे तसेच टाच दाबत चालून दाखवत. मालकांना ते कळत असे. "दाबा, दाबा," ते न वळता म्हणत, "सवय चांगली हाय."

बेल्ह्याच्या बैलबाजारात मी त्यांच्याबरोबर एकदा गेलो. त्यांना काही विकत घ्यायचे नव्हते. कागद आणि काजळीची डबी घेऊन ते बैलांच्या पायाशी बसत आणि खूर उचलून ठसा घेत. एका व्यापाऱ्याने दावे आवळून विचारले, "ओ पावणं, करनी बिरनी करताय का काय आमच्या जनावरावर?"

"न्हाई. हा बैल कुठं बुडंल, ते बघतोय," मालक म्हणाले.

त्या व्यापाऱ्याने बैल दुसऱ्या टोकाला नेऊन बांधला. टेम्पोतून परत येताना मालक म्हणाले, "घाबारला. मी तर खरं तेच सांगितलं."

येथे गाळाविषयी थोडे स्पष्ट करणे आवश्यक आहे. धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरू लागते, तशी काठची जमीन उघडी पडते. पावसाळ्यात ओढ्यांनी आणलेला बारीक गाळ तिच्यावर बसलेला असतो. त्याचा वरचा थर उन्हाने वाळतो, तडकतो, पापुद्र्यासारखा होतो. त्याखाली मात्र आंबिलीसारखा लगदा तसाच राहतो, काही ठिकाणी पुरुषभर खोल. पापुद्र्यावर कोवळे गवत उगवते. काठावरून पाहणाऱ्याला ते हिरवे रान दिसते. त्यावर नाव चालत नाही, कारण ते पाणी नव्हे. माणूस चालत नाही, कारण ती जमीनही नव्हे. मालक म्हणत, "पानी सांगतं मी पानी हाय. माती सांगती मी माती हाय. ह्ये मधलं काय बी सांगत न्हाई."

ते त्या गाळाचे ऐकत असत, हे मी शब्दशः सांगतो आहे. माईकला रबरी फुगा घट्ट बांधून तो काठीने गाळात खुपसायचा, वायर ॲम्प्लिफायरला जोडायची आणि कानाला हेडफोन लावून बसायचे. एकदा त्यांनी हेडफोन मला दिला. आधी काहीच नव्हते. मग खूप खालून, एखादा माणूस झोपेत कूस बदलतो तसा आवाज आला. नंतर लांब निःश्वास. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून वायू तयार होतो आणि त्याचे बुडबुडे वर येतात, असे मी त्यांना समजावून सांगितले.

"बरुबर," मालक म्हणाले. "तुमी कारन सांगितलं. आता परत ऐका."

मी परत ऐकले. कारण ठाऊक असल्याने आवाजात काही फरक पडला नव्हता.

कोऱ्या जागेचा तळवा त्यांच्या थोरल्या भावाचा होता. हे मला मालकीणबाईंनी सांगितले, तेही भाकरी थापता थापता आणि माझ्याकडे न पाहता. यांच्या घराण्याच्या जमिनी धरणात गेल्या. एका उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, तेव्हा आपल्या शेताच्या बांधाचा दगड दिसतो का ते पाहायला थोरले दीर एकटेच निघाले. पेरत्या रानात चपला घालून जायचे नाही, ही त्यांची जन्माची रीत. शेताची हद्द सुरू झाली असे त्यांना जिथे वाटले, तिथे त्यांनी चपला काढल्या. शोधायला गेलेल्या लोकांना त्या जोडीने नीट ठेवलेल्या सापडल्या, टोके शेताच्या दिशेने. त्यांच्यापुढे काही पावले उमटली होती, प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा खोल. त्यानंतर सगळे सपाट. गाळ पुन्हा मिटला होता.

"ह्ये शिडी आडवी टाकून तिथवर गेले आन् शेवटच्या पावलाचं माप घिऊन आले," मालकीणबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, आता माप कशाला? तर म्हंत्यात, पुढल्याला पायजे."

त्या पुढच्यासाठी मालक यंत्र बांधत होते.

मी गेलो त्या वर्षी पडवीत फक्त सांगाडा होता. औषधाच्या रिकाम्या प्लॅस्टिक पिंपांचे दोन अर्धे भाग, कडा डांबराने बुजवलेल्या, वर लोखंडी चौकट. दोन्ही बाजूंना पट्टे. ते पट्टे मूळचे पिठाच्या गिरणीचे. त्यांवर आडव्या बांबूच्या कांबी बोल्टने आवळलेल्या. ट्रकच्या काचेवरचे पाणी पुसणाऱ्या वायपरच्या मोटारी त्यांनी पेठेच्या भंगारातून आणल्या होत्या. प्रत्येक पट्ट्याला एक. दोन्ही फिरल्या की यंत्र सरळ जाई, एक थांबली की त्या बाजूला वळे. पाण्यात पिंपे त्याला तरंगत ठेवत आणि त्याच कांबी वल्ह्यांसारखे पाणी मागे लोटत. काठावर बसून मालक एका लाकडी पेटीवरची बटणे दाबत आणि मंडपाच्या वायरचे लांबच लांब रीळ उलगडत जाई. नाकाडात पाऱ्याचा स्विच होता. यंत्राचे तोंड फार झुकले तर पारा सरके आणि मोटारी आपोआप उलट्या फिरत. बटण कोणीही, काहीही दाबलेले असो.

माझ्या विद्यार्थ्यांनी त्याला 'रोबो' म्हटले, गावाने 'घोरपड'. मालकांना दुसरे नाव पसंत होते.

तत्त्व सोपे आहे आणि मी ते पुढे अनेक वर्षे वर्गात याच उदाहरणाने शिकवले. वजन तेच ठेवून ते अधिक जागेवर पसरले, की जमिनीवरचा दाब कमी होतो. बैलाचे सारे वजन चार खुरांवर असते. घोरपडीचे वजन दोन्ही पट्ट्यांच्या संपूर्ण तळावर. म्हणून बैल रुतेल तिथे ती रुतणार नाही. हा हिशेब मी मालकांना वहीत मांडून दाखवला तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या ठशांकडे हात केला आणि म्हणाले, "म्हंजी ह्ये सगळे गुन्हेगार."

घोरपड माणसाला ओढून काढणार नव्हती; तेवढे बळ तिच्यात नव्हते. तिने ट्रॅक्टरच्या टायरची फुगवलेली ट्यूब आणि दोर रुतलेल्या माणसापर्यंत पोचवायचा होता. ओढायला काठावर माणसे होतीच. पण मालकांच्या मते दोर पोचण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पोचायला हवी होती. रुतलेला माणूस धडपडतो आणि धडपडल्याने खाली जातो. म्हणून त्यांनी यंत्रावर एक कर्णा बसवला आणि गाडीतला जुना कॅसेट प्लेअर. कॅसेटमध्ये त्यांचाच आवाज होता.

पहिली चाचणी मी विसरू शकत नाही. मार्चमधली टळटळीत दुपार होती. घोरपड पाण्यातून गेली, पलीकडे गाळावर चढली आणि उन्हाच्या झळांत शिरली. तापलेल्या हवेत प्रकाश वाकतो, त्यामुळे दूरची वस्तू जमिनीपासून सुटल्यासारखी दिसते. ती तशी दिसू लागली. हातभर वर, खाली चकाकता पट्टा, हळूहळू सरकणारी. आणि ती जिथे दिसत होती तिथून नव्हे, पार डाव्या बाजूच्या टेकडीकडून, मालकांचा आवाज आला: "हलू नका. आडवं व्हा. दोर धरा. मी आलोय."

मालक माझ्या शेजारी तोंड मिटून बसले होते.

काठावर धुणे धुणाऱ्या बायांचे हात थांबले. एकीने घाईने कपडे गोळा केले. "दादा, बंद करा वो त्ये," ती म्हणाली. "तिथं कोन न्हाई आन् तुमी त्याला धीर देताय."

त्या वर्षी लोणीकडची काही धनगर कुटुंबे मेंढरे घेऊन फुगवट्याकाठी उतरली होती. त्यांपैकी बिरू आणि त्याची बायको ठकूबाई यांचा तळ मालकांच्या घरामागच्या मोकळ्या रानात होता. बिरू अबोल होता, ठकूबाई तशी नव्हती. मेंढरे तिच्याच हाकेवर चालत. ती हाक लिहून दाखवणे कठीण आहे. घशातून सुरू होऊन टाळ्यावर फिरणारी, शेवटी उंच जाणारी. हाक मारली की ती कनवटीला बांधलेले खडेमीठ मुठीत घेऊन म्होरक्या मेंढ्यांना चाटवत असे, एकही वेळ न चुकता.

"रोज द्यायलाच पाहिजे का?" मी विचारले.

"मंग! रिकामी हाक मारू नाय, सर. मेंढरू इसरत न्हाई."

एप्रिलच्या सुरुवातीला तिचे एक मेंढरू कोवळ्या गवताला भुलून गाळात रुतले. घोरपड निघाली, जवळ पोचली आणि मालकांचा आवाज घुमला. पोटापर्यंत रुतलेले ते मेंढरू त्या परक्या पुरुषी आवाजाने इतके बिथरले, की उसळ्या मारत आमच्या डोळ्यांदेखत खाली गेले. मालक दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन ते ठकूबाईच्या तळावर गेले.

"बाई, तुमची हाक द्या मला. जनावर वळखीच्या आवाजानं गप ऱ्हाईल."

ठकूबाई टेपरेकॉर्डरकडे बघत राहिली. "आन् मीठ कोन देनार?"

"मीठ मागनं तुमी द्या की. आधी जगू तर द्या त्याला."

बिरू म्हणाला, "दे की. आवाज काय कमी व्हतोय का?"

तिने हाक दिली. मालकांनी ती कॅसेटभर पुन्हा पुन्हा उतरवून घेतली. घरी आल्यावर वाजवून पाहिली तेव्हा घरामागून साऱ्या मेंढरांनी एकदम उत्तर दिले. मालक समाधानाने माझ्याकडे वळले. "बघा. फरक कळत न्हाई त्यांला."

रुतलेले जनावर कसे ऐकेल याचा विचार त्यांनी इतका केला होता, की न रुतलेली जनावरेही ऐकतील हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. माझ्याही आले नाही, ठकूबाईच्याही नाही.

महिनाअखेरीस शाळा सकाळची होती. मी भर दुपारी घरी पोचलो तेव्हा ठकूबाई धावत अंगणात शिरत होती. "भाऊ! आमचं मानूस गेलं गाळात!" एक मेंढी रुतली होती आणि तिला काढायला बिरू गेला होता.

मंडपाच्या टेम्पोत घोरपड चढवून आम्ही पोचलो. गावातले दहाबारा पुरुष मागोमाग आले. बिरू काठापासून बराच आत, कमरेपर्यंत रुतला होता. त्याने मेंढीला छातीशी धरले होते, ती झाडत होती आणि तिच्या प्रत्येक हिसक्याने दोघेही खाली जात होते.

"सोड तिला!" लोक ओरडले. त्याने सोडली नाही.

मालकांनी पेटी मांडीवर घेतली. हात स्थिर होते. घोरपड पापुद्र्यावरून निघाली आणि थोडे अंतर जाताच त्यांनी कॅसेट सुरू केली. ठकूबाईची हाक गाळावर पसरली. बिरूच्या हातांतली मेंढी जागच्या जागी शांत झाली आणि तिने मान वर केली. कोणीतरी "शाबास!" म्हणाले. मालकांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच निखळ हसू पाहिले.

त्याच वेळी आमच्या मागे, बाभळींच्या सावलीत बसलेला सारा कळप उठून उभा राहिला.

मेंढरे धावली नाहीत. ती आमच्यामधून, माणसांच्या पायांना घासत, अगदी निवांत चालत गेली आणि गाळावर उतरली. ठकूबाई किंचाळली आणि तिने हाक दिली. तीच हाक. कळप थबकला. आता एकच आवाज दोन दिशांनी येत होता. एक काठावरून, थरथरता आणि दुसरा झळांमधून, सपाट, मोठा, न दमणारा. मेंढरांच्या माना इकडे वळल्या, तिकडे वळल्या. मग ती मोठ्या आवाजाकडे चालू लागली.

बहुतेक ठिकाणी पापुद्रा एका मेंढराचे वजन सोसतो. पण पुढच्याच्या खुराने जी चीर पडते, ती मागच्याच्या खुराने रुंदावते. कळप मध्यापर्यंत गेला असता तर एकही परत आले नसते. मालकांचे बोट कॅसेटच्या बटणावर गेले.

"बंद करू नका!" आतून बिरू ओरडला. ट्यूब त्याच्यापासून जेमतेम दोन हातांवर होती. "भाऊ, बंद केलं तर थांबतील जागंवरच! जागंवरच जातील! मागली वाट फुटलीया, लांबनं फिरवा त्यांला!"

"आन् तू?"

"आधी मेंढरं फिरवा!"

मालकांनी ठकूबाईकडे पाहिले. ती दुसरी हाक मारायला तोंड उघडून उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिले, मेंढरांकडे पाहिले आणि तोंडात पदर कोंबून खाली बसली. काठावरची हाक थांबली. आता तिचा आवाज फक्त गाळावर होता. मालकांनी एक पट्टा थांबवला आणि बिरूच्या हाताशी आलेली घोरपड त्याच्यापासून वळली.

त्यांनी तिला मोठा वळसा दिला, न फुटलेल्या पापुद्र्यावरून, मूळ वाटेपासून दूर. पुढे ते यंत्र, स्त्रीच्या गळ्याने हाका मारत, जमिनीपासून हातभर वर तरंगल्यासारखे, आणि मागे पांढऱ्याकाळ्या मेंढरांची रांग, एकही ओरडत नव्हते. शेजारी जिची हाक होती ती बाई पदर चावत बसली होती. मी आयुष्यात पाहिलेल्या गोष्टींपैकी ही एक अशी आहे, की तिचा प्रत्येक भाग मला समजावून सांगता येतो आणि तरीही ती समजत नाही.

शेवटची काही मेंढरे गाळात गेली. बाकीचा कळप काठाला लागला. पोरापुरुषांनी त्यांना अडवून धरले. मालकांनी कॅसेट काढून खिशात टाकली आणि मुकी घोरपड नव्या वाटेने पुन्हा आत पाठवली. बिरू आता काखांपर्यंत गेला होता. हातातली मेंढी त्याने वर धरली होती, पण तिची मान लोंबत होती. घोरपड पोचली. त्याने मेंढी अलगद बाजूला ठेवली, एक हात ट्यूबमध्ये घातला, मग दुसरा. आम्ही दोर ओढला. गाळाने त्याला सोडले तेव्हा जो आवाज आला, तो मी आधी हेडफोनमध्ये ऐकला होता.

संध्याकाळी मालकांनी गावात पेढे वाटले. मालकीणबाई म्हणाल्या, "इतक्या वर्सांत पैल्यांदा ह्ये टाच न दाबता घरात आले." ते खरे होते. मीही पाहिले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाई अंगणात आली. तिच्यामागे कळप होता, पण त्याला बिरू आणि दुसरा एक धनगर काठ्यांनी हाकत आणत होते.

"भाऊ, मेंढरं माज्याकडं येत न्हाईत."

"म्हंजी?"

"हाक मारली की वळत्यात आन् पान्याकडं बघत बसत्यात. मीठ धरलं तरी बी. आवाज लागला की तोंड तिकडं."

"भेदारलीत. व्हतील सरळ."

"बघा मंग," ती म्हणाली. ती अंगणाच्या मध्यभागी उभी राहिली आणि तिने हाक दिली.

मेंढरे निघाली. तिच्याजवळ आली आणि पाणी दगडाला वळसा घालते तशी तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेली. थेट पडवीत. तिथे घोरपड उभी होती. बॅटरी उतरवलेली होती, कॅसेट प्लेअर रिकामा होता. मी स्वतः हात घालून पाहिले. मेंढरे तिच्याभोवती दाटीने उभी राहिली, तोंडे कर्ण्याकडे करून, मीठ मिळण्याची वाट पाहत.

ठकूबाईने कर्ण्याकडे बोट केले. "त्यांला वाटतंय, मी त्यात हाय," ती म्हणाली. मग मालकांकडे वळून तिने विचारले, "मंग हितं उभी हाय ती कोन, भाऊ?"

मालकांनी खिशातून कॅसेट काढली, फीत ओढून तिचा गुंता केला आणि चुलीत टाकली. हे ठकूबाईसाठी होते. मेंढरांना फितीचे काय ठाऊक! ती तशीच कर्ण्याकडे तोंडे करून उभी होती. मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "जाळून काय हुतंय? त्यांनी ज्या तोंडाचं ऐकलं, त्ये तोंड अजून हितंच हाय."

मालकांनी मान डोलावली. त्यांनी पान्हा आणला, कर्ण्याचे नट सोडवले आणि कर्णा दोन्ही हातांनी उचलून ठकूबाईच्या पुढ्यात ठेवला. म्हणाले, "ह्येच्याजवळ बसून मारा हाक. आन् मूठ उघडी ठिवा."

ती बसली. कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन तिने हळू हाक दिली. कळप पडवीतून बाहेर आला, कर्ण्याभोवती जमला आणि कर्ण्याजवळच तिचा हात होता. पहिल्या मेंढीने मीठ चाटले.

असे काही दिवस चालले. त्या दिवसांत मालकांनी पडवीकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली. त्यांच्या कोठारात कर्णे पुष्कळ होते, तरी घोरपडीवर त्यांनी पुन्हा एकही चढवला नाही. पुढच्या उन्हाळ्यांत ती मुकीच जात असे आणि काठावर उभे राहून मालक स्वतःच्या घशाने ओरडत. त्या मुक्या यंत्राने आणखी माणसे काढली. मालकांच्या आवाजाची मात्र पार वाट लागली.

पावसापूर्वी धनगरांनी तळ हलवला. मालक आणि मी रस्त्यावर निरोप द्यायला उभे होतो. सर्वांत पुढे बिरू होता, खांद्यावर काठी. त्याच्यामागे संसार लादलेले घोडे आणि त्या ओझ्याच्या सर्वांत वर दोरीने आवळलेला कर्णा, तोंड मागे, कळपाकडे. त्याची तुटकी वायर घोड्याच्या पोटावर लोंबत होती. ठकूबाई घोड्यापासून चार पावले हटून, रस्त्याच्या कडेने चालत होती. तिने हाक दिली आणि कळप कर्ण्यामागे चालू लागला.

"जमलं म्हनायचं," मालक पुटपुटले.

वळणापाशी रस्ता उताराचा होता. बिरूचे पाऊल जरा झपाट्याने पडू लागले, तशी ठकूबाईने त्याला आवाज दिला, "आवं, दमानं घ्या की! मेंढरं मागं ऱ्हायली."

बिरू थांबला आणि वळला. बायको त्याच्या डाव्या हाताला, डोळ्यांसमोर उभी होती. त्याने वर, घोड्यावरच्या कर्ण्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बरं."